न्यायाचं प्रकरण

कमलिनीबाईंनी प्रबंधातल्या न्यायावरच्या प्रकरणातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं. "न्याय हा वेगळा सद्गुण नाही. शहाणपण, धैर्य आणि संयम एका माणसात नांदू लागले, की त्या नांदण्यालाच हे तत्त्वज्ञ न्याय म्हणतात."

मध्ययुगातल्या इस्लामी तत्त्वज्ञांच्या नीतिविचारावर ईश्वरी नऊ वर्षं काम करत होती. पिरियापट्टणच्या कॉलेजात शिकवायचं, बसनं म्हैसूरला परतायचं आणि उरलेल्या वेळात लिहायचं. आज तोंडी परीक्षा होती. कमलिनीबाई परीक्षक म्हणून पुण्याहून आल्या होत्या.

"हेच वाक्य गेल्या वर्षी तुमच्या सरांच्या लेखात छापून आलंय," त्या म्हणाल्या. "पुढची सहा पानंसुद्धा."

टेबलाच्या टोकाला तिचे मार्गदर्शक तिरुमलराव बसले होते. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांनी मान वर केली नाही.

कमलिनीबाईंनी आवाज खाली आणला. "दोघांच्या चर्चेतून आलं असेल. हो म्हणा, आपण पुढे जाऊ."

हो म्हटलं की सुटका होती. संध्याकाळपर्यंत नावाआधी डॉक्टर लागलं असतं. पण ईश्वरी इतकी दमली होती, की एक खोटं जन्मभर सांभाळायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"नाही मॅडम. ते मी लिहिलंय. पाच वर्षांपूर्वी सरांना तपासायला दिलं होतं."

कमलिनीबाई तिरुमलरावांकडे वळल्या. "सर?"

तिरुमलरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला आता नवीन काही सुचत नाही," ते म्हणाले. मग कमलिनीबाईंकडे पाहून, "ती खरं बोलते आहे."

परीक्षा तहकूब झाली. चौकशी होईल, सहा महिने लागतील, कदाचित वर्षही, असं विभागप्रमुखांनी सांगितलं.

बाहेरच्या बाकावर ईश्वरीचे वडील, पांडुरंगराव, मल्लिगेचा, मोगऱ्याचा हार घेऊन बसले होते. दार उघडताच ते लगबगीनं उठले. त्यांच्या घरात मान आधी गुरूचा. त्यांनी हार तिरुमलरावांच्या गळ्यापाशी नेला.

तिरुमलरावांनी त्यांचा हात धरला. "आज नको, रायरे," ते कानडी अदबीनं म्हणाले.

पांडुरंगरावांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हार हातात तसाच लोंबत राहिला.

"अय्यो, नापास झालीस की काय गं?"

"ती नाही," तिरुमलराव म्हणाले.