मुलामेवाल्यांचे पाय

जावईबापूंनी बाटली टेबलावर ठेवली आणि लॉटरी लागल्यासारखा चेहरा केला.

"बाबा, क्रोमियमच्या गोळ्या. साखरेवर रामबाण!"

मुलामेवाल्यांनी बाटली चष्म्याजवळ नेली. "अहो जावईबापू, जन्मभर मी नळाच्या तोट्यांना क्रोमियम चढवलं. आता तुम्ही मला चढवताय? चकाकेन हो, पण गळायचं थांबेल का?"

टेबलावर आधीच गर्दी होती. मेहुणीचं मॅग्नेशियम, शेजाऱ्यांचं झिंक, विहीणबाईंचं 'ड' जीवनसत्त्व. मधुमेह एकट्या मुलामेवाल्यांना झाला होता. इलाज सगळ्यांना ठाऊक होता.

"डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलंय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "कमी आहे ते फक्त बी-बारा. साखरेच्या गोळीनं कधीकधी होतं म्हणे तसं. गोळी सोडायची नाही, वर इंजेक्शनं घ्यायची. बाकी सगळं ह्यांच्यात भरपूर आहे. आगाऊपणासकट."

मुलामेवाल्यांना साखरेची चिंता नव्हतीच. चिंता पायांची होती. बी-बारा कमी पडल्यानं तळव्यांना काही कळेनासं झालं होतं. एकदा ते बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठे पडली हे सांगणं दूरच, ती पडली हेच त्यांना बायकोकडून कळलं. मुलानं त्याच दिवशी फर्मान काढलं: पाय शुद्धीवर येईपर्यंत कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. मुलामा देण्याच्या जागी फरशीवर कुठे आम्ल सांडलेलं असेल, नेम नाही. तेव्हापासून मालक घरात आणि तोट्या कारखान्यात. दोघांचीही चमक गेली होती.

"इंजेक्शनांनी काही फरक?" जावईबापूंनी विचारलं.

"आहे ना. दंड दुखतो."

"आणि पाय?" खुर्चीतून मुलानं विचारलं.

"पायालाच कळत नाही, तर मला कुठून कळणार?"

असं म्हणून ते पाणी प्यायला उठले. डॉक्टरीणबाईंनी घरातही चपला घालायला सांगितलं होतं. पण स्वयंपाकघरात डॉक्टरीणबाईंचं चालत नसे. दाराशी चपला काढून मुलामेवाले आत गेले. दोन पावलं टाकली आणि थबकले.

"अगं, केर काढतेस की नुसता झाडू फिरवतेस? पायाला सगळं खरखरीत लागतंय. ही साखर कुणी सांडली?"

मुलानं हातातला कप खाली ठेवला.

"मीच," बायको म्हणाली. ती भिंतीकडे तोंड करून उगाचच डबे सारखे करत होती. "रोज सकाळी सांडते. रोज तुम्ही तुडवून जाता. आज पहिल्यांदा ओरडलात."

मुलगा दारापर्यंत आला. "उद्यापासून या कारखान्यात," तो म्हणाला. "पण बूट घालून."

"बरं बरं," मुलामेवाले म्हणाले. त्यांनी पाय उचलला, तळव्याला चिकटलेले दाणे नीट निरखले. मग तोच पाय पुन्हा साखरेवर ठेवला आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच घासला.