माळावरची वाट

राखीव माळरानाचे तिन्ही ऋतूंतले फोटो काढायचा परवाना काकांना मिळाला होता. पण वर्षअखेरीस ते वनाधिकारी बाईंच्या टेबलावर फोटो आपटत होते.

"बघा! पावसाळ्यात गवतात पुसटशी रेघ. हिवाळ्यात पायवाट. आणि उन्हाळ्यात तर भांग पाडावा तशी उघडी माती! कोणीतरी रोज आत शिरतंय. गवतात घरटी करणारे चंडोल यंदा फिरकलेसुद्धा नाहीत, आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसलाय!"

बाईंनी झाडावर छुपा कॅमेरा बसवला आणि महिन्याभराने काकांना बोलावलं.

"सापडला?"

"सापडला. एकटाच आहे. रोज सकाळी न चुकता येतो."

"मग मुसक्या बांधा की त्याच्या! दयामाया कसली दाखवताय?"

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पायवाटेवर गुडघे टेकून काका पायवाटेचा फोटो काढत होते.

काका स्क्रीनवर वाकले. "अहो, पण... मी तर पुरावा गोळा करायला जात होतो!"

"हो ना," बाई म्हणाल्या, "आणि चांगला भक्कम केलात."