साफ केलेला मारवा

जोतीरामदादा गेल्यापासून मंगळवार पेठेतलं आमचं श्रोता मंडळ त्यांच्या स्मृतिदिनाला एकच टेप लावतं. दादांनी मैफलीत पुढं बसून स्वतः रेकॉर्ड केलेला मारवा. यंदा मी ती कॉम्प्युटरवर साफ केली. खरखर घालवली, आलापीत मधेच येणारा दादांचा खोकलाही काढला. जुनी कॅसेट टाकून दिली.

सगळे खूश झाले. दादांच्या पत्नी, आक्का, मात्र नेमक्या त्या जागेवर पाण्याचा तांब्या उचलून थांबल्या.

"आज खोकलं न्हाईत?"

"काढला की तो खोकला, आक्का. गाणं कसं स्वच्छ ऐकू येतंय बघा!"

आक्कांनी तांब्या खाली ठेवला.

"मला गाण्यातलं काय कळतंय, बाबा? मी वर्षातनं एकदा त्यास्नी ऐकायला येत हुते."