भगवंतरावांचा हात

“आजपण भगवंतराव भेटायचे नाहीत वाटतं?” ओटीवर टेकत दिनानाथशेठ म्हणाले.

“डोळे दुखतायत त्यांचे. उजेड सोसत नाय,” दमयंती म्हणाली. तिने चहाचा कप आणि फडक्यात बांधलेलं काम पुढे ठेवलं.

शेठांनी एकेक पोलादी ठसा भिंगाखाली धरला. या ठशावर, म्हणजे डायवर, सोन्याचा पत्रा दाबला की कर्णफुलाची पाकळी उमटते. ठशात एक रेघ चुकली, तर ती प्रत्येक दागिन्यात चुकते. “डाय करावी तर यांनीच,” शेठ पुटपुटले.

पालघरला स्टेशनसमोर त्यांची पेढी होती. चिंचणीतल्या कारागिरांकडून डाय गोळा करून ते मुंबईच्या सराफांना पोचवत. दर दुसऱ्या शनिवारी बोईसरहून एसटीने यायचे. पाच वर्षं ते या घरी येत होते आणि पाच वर्षांत त्यांनी भगवंताला एकदाही पाहिलं नव्हतं.

भगवंत घरात नव्हताच.

एक्याऐंशीच्या गणपतीनंतर बायको दमयंतीला आणि दोन मुलींना मागे ठेवून तो मुंबईला एका कारखान्यात कामाला गेला होता. “खोली मिळाली की तुमाला तिघींना नेतो,” म्हणाला होता. दोन पत्रं आली, मग बंद झाली. धाकटीला कडेवर घेऊन दमयंती पत्रातल्या पत्त्यावर गिरगावात जाऊन आली. कारखान्याला कुलूप होतं. मालकाने धंदा बंद केला, कारागीर कुठे कुठे पांगले, एवढंच शेजारच्या दुकानदाराने सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरात दिनानाथशेठ पहिल्यांदा दारात आले. “भगवंत डायमेकर इथंच राहतात ना? नाव ऐकून आलोय.”

घरात दोन दिवसांचे तांदूळ होते. “आंघोळीला गेलेत,” दमयंती म्हणाली. “नमुना ठेवून जा.”

तोंडातून निघून गेलं. भगवंताशेजारी बसून ती ठसे घासायची, नक्षी उतरवून द्यायची. त्याचा हात दुखला की पानाच्या बारीक शिरा तीच कोरायची. पण बाई डाय करते, असं तेव्हा चिंचणीत कोणी ऐकलं नव्हतं. तिच्या नावावर कोण पोलाद सोपवणार?

पहिल्या ठशाला नऊ दिवस लागले. अंगठा फुटला. दहा वर्षांची कुमुद चुलीवर भात टाकायची आणि धाकटी शैला आईच्या पाठीला पाठ लावून झोपायची. चौथ्या महिन्यापासून चूक निघून ठसे परत येईनासे झाले. तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या मंदा आणि ठकी तिच्या हाताखाली शिकू लागल्या. मागच्या पडवीत दिवसभर हातोड्यांची टिकटिक चालायची. साऱ्या गल्लीला सगळं ठाऊक होतं. शेठांना मात्र कोणी काही सांगितलं नाही.

शेठ यायच्या दिवशी दमयंती भगवंताचा निळा सदरा धुऊन पुढच्या अंगणात वाळत घाले.

“शेठ तर दुपारी येतात,” एकदा कुमुद म्हणाली. “सदरा सकाळीच कशाला?”

“वाळायला वेळ लागतो.”

समुद्राकडून वारा आला की सदऱ्याच्या बाह्या भरायच्या. दमयंती तेवढा वेळ हातातली छिन्नी खाली ठेवी. नाक्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला तरी ठेवी.

“बाबा आले की मला वळखतील?” शैलाने एकदा विचारलं. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती.

“पावलांवरनं वळखतील,” दमयंती म्हणाली आणि पुन्हा ठशावर वाकली.

आज शेठ खुशीत होते. मुंबईचा एक मोठा सराफ याच घरच्या डाय घ्यायला तयार होता, फक्त इथल्याच. पण एकदा कारागिराला समोर बघायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

“भगवंतरावांना पालघरपर्यंत तरी आणाच,” शेठ म्हणाले. “रिक्षा मी पाठवतो.”

दमयंतीच्या मनात आलं, आता पुरे. हात माझा आहे, नावही माझंच सांगावं. शिवाय शेठ मुंबईच्या कारागिरांत फिरतात. खरं सांगितलं, तर भगवंताला शोधायलाही सांगता येईल. काम जाईल या भीतीने पाच वर्षं तेवढं एक मागणं तिने गिळलं होतं.

“शेठ, एक सांगायचं हाय.”

“सांगा की. पण आधी माझी गंमत ऐका, वहिनी. यांचं नाव एवढं झालंय की आता तोतये यायला लागलेत! मागच्या महिन्यात पेढीवर एक जण आला. म्हणे, मीच चिंचणीचा भगवंत डायमेकर. आजारपणात वर्षं गेली, रिकाम्या हाताने घरी जाववत नाही, आधी काम द्या. मी पोलादाचा तुकडा दिला. म्हटलं, कोर एक पाकळी. कोरली बिचाऱ्याने. बरी होती. पण यांच्या हाताची सर नव्हती तिला.”

दमयंतीने ओटीचा खांब धरला. “मग?”

“मग काय, झापला. म्हटलं, मी पाच वर्षं त्या घरी जातोय, भगवंतराव घरात असतात. तर म्हणाला, ‘त्या घरात पुरुष हाय?’ म्हटलं, ‘म्हणजे काय! त्यांची बायको मला चहा करून देते.’ बराच वेळ बाकावर बसून होता. उठताना एवढंच विचारलं, ‘पोरी मजेत हायत ना?’ मी म्हटलं, ‘बाप घरात असल्यावर मजेतच असणार.’ तसे त्याने मला हात जोडले आणि समोरून सुरतेकडची गाडी पकडून निघून गेला.”