डाळिंबी रेघ

“आज गाडीचा वॉटर पंपच बदलून टाकतो,” विश्राम मिस्त्री म्हणाले आणि सुधीर बसल्या जागेवरून उठलाच.

“अख्खा बदलायचा? नुसता आवळून नाही भागणार?”

“किती वेळा आवळू, साहेब? सहा महिने झाले. दर पंधरा दिवसांनी आपलं तेच. नवा मागवून ठेवलाय.” मिस्त्रींनी फळीवरचा पुठ्ठ्याचा खोका दाखवला. “हा एकदा बसला की दहा वर्षं तुम्हाला इकडे फिरकायला नको.”

खोपटच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, कशीबशी एक गाडी मावणारी. पस्तीस वर्षं एसटीची इंजिनं उघडून रिटायर झाल्यावर त्यांनी ती टाकली होती. सुधीरची लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार तिथे शिरली की पैठणी नेसून कोणी नळावर पाणी भरायला यावं तशी दिसायची.

गाडी त्याने पन्नाशी साजरी करायला घेतलेली. साजरी करायला घरात दुसरं कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बायको वेगळी होऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी निशा कॅनडात. कोलशेतच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर तो एकटाच. गाडीत बाजूच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. तिथे बसणार कोण?

पंप खरोखर गळला तो एकदाच, पहिल्यांदा. गाडीखाली इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचं थारोळं दिसलं आणि सोसायटीच्या वॉचमनने मिस्त्रींचा पत्ता दिला. मिस्त्रींनी गॅसकेट बदललं, बोल्ट आवळले आणि त्याला चहा पाजला. चहाच्या निमित्ताने तीन तास कसे गेले ते कळलंच नाही. घरी येऊन दार उघडताना सुधीरच्या लक्षात आलं, त्या आठवड्यात कामाव्यतिरिक्त आपण कोणाशी बोललो असू तर याच माणसाशी.

पंधरा दिवसांनी त्याने दहा नंबरचा पाना विकत आणला आणि पंपाचा वरचा बोल्ट स्वतःच्या हाताने अर्धा फेरा ढिला केला.

पन्नाशी उलटलेल्या माणसाने असं करावं का? करू नये. सरळ जाऊन सांगावं, मिस्त्री, सहज गप्पा मारायला आलो. पण काही माणसांच्या तोंडून नेमकं तेवढंच वाक्य निघत नाही, आणि सुधीर त्यांतला होता.

अडचण एकच होती. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवरून थेट शेजारच्या धातूवर मिस्त्री नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायचे. बोल्ट जरा जरी फिरवला तरी रेघ तुटते आणि कोणी हात लावलाय ते लगेच कळतं. बाटली त्यांच्या बायकोची, शेवंतीबाईंची. बाई जाऊन चार वर्षं झाली, बाटली टूलबॉक्समध्ये राहिली. झाकण फुटलेलं, त्याला सेलोटेप गुंडाळलेली.

“थिनर घालून घालून चालवतो,” मिस्त्री म्हणाले होते. “दुसरी आणता येईल. पण आणवत नाही.”

सुधीरने कोलशेतच्या एका दुकानातून तसाच डाळिंबी रंग शोधून आणला. “मिसेससाठी ना?” दुकानातल्या बाईंनी विचारलं. तो हो म्हणाला. बोल्ट ढिला करायचा, जुनी रेघ नखाने खरवडायची, नवी सरळ ओढायची. रंग जवळजवळ तोच होता. मिस्त्री कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे, रेघेकडे जरा वेळ बघायचे, “हं,” म्हणायचे आणि पाना उचलायचे.

मग चहा व्हायचा. मग घाटात बंद पडलेल्या गाड्यांच्या गोष्टी, शेवंतीबाईंच्या हातचं सुकटीचं कालवण, निशाचे फोन कसे कमी होत गेले ते. त्याच्यासाठी म्हणून मिस्त्रींनी लोखंडी स्टुलावर एक उशी आणून ठेवली होती.

आणि आता हा नवा पंप.

“बसवा मग,” सुधीर म्हणाला. दुसरं म्हणणार तरी काय?

“तुम्ही तलावपाळीला चक्कर मारून या. डोक्यावर कोणी उभं असलं की माझा हात चालत नाही.”

सहा महिन्यांत मिस्त्री असं कधी बोलले नव्हते. सुधीरला ते लागलं. तलावपाळीच्या कट्ट्यावर तो दोन तास बसला. शेजारी एक आजोबा नातवाला शेंगा सोलून देत होते. त्याला फार एकटं वाटलं.

परत आला तेव्हा बॉनेट बंद होतं आणि मिस्त्री फडक्याला हात पुसत होते. चहा झाला. पण आज गोष्टी निघाल्या नाहीत.

“हा घ्या.” मिस्त्रींनी सुतळीने बांधलेला खोका त्याच्या हातात दिला. “काढलेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हवाली करायचा, हा आपला नियम. घरी नेऊन नीट बघा.”

“जुना पंप काय बघायचा, मिस्त्री?”

“बघा तरी.”

खोका स्वयंपाकघराच्या ओट्यावर तसाच पडून राहिला. पंधरा दिवसांनी शनिवार उजाडला. सुधीर सवयीने अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला आणि मग जायचं कुठे ते न सुचून खुर्चीत बसला. दहा वाजले, अकरा वाजले. शेवटी तो जुना पंप तरी बघावा म्हणून त्याने सुतळी कापली.

आत नवा पंप होता, कंपनीच्या तेलकट कागदात, सीलसुद्धा न फोडलेला. आणि त्याला टेकवून ठेवलेली, झाकणाला सेलोटेप गुंडाळलेली ती डाळिंबी बाटली.