अधिक नऊ

औषधाचा रेणू प्रथिनाला चिकटतो, तेव्हा प्रथिनातलं कोणतं अमिनो आम्ल त्याला किती धरून ठेवतं, हे अंबरीनने चार वर्षं संगणकावर खपून मोजलं होतं. आता प्रबंधावर तिचे मार्गदर्शक, जालन्याचे बोराडे सर, यांची सही तेवढी राहिली होती.

"इतके मायनस? माझी इज्जत घालवून राह्यली का?" तक्ता पाहून सर कडाडले. "सगळे प्लस कर."

"सर, यात मायनसवालेच औषधाला धरून ठेवतात. प्लसवाले ढकलून देतात."

सर तोवर फोनमध्ये शिरले होते. "बरं, राहू दे तुझे आम्लं. पण या कामात कोणाचा किती वाटा, त्याचा असाच तक्ता शेवटी लाव. त्यात माझा प्लस पाहिजे, सगळ्यांत मोठा. मंगच सही."

अंबरीनने शहाण्यासारखी मान डोलावली आणि तिथंच बसून तक्ता केला.

मिथुन, लाइट गेली की संगणक सांभाळणारा: उणे चार.
अम्मी, रोजचा डबा: उणे तीन.
सर, मार्गदर्शन: अधिक नऊ.

सरांनी आपला नऊ दोनदा न्याहाळला, "हे बराबर जमलं" म्हणाले आणि झोकात सही ठोकली.

 

महिन्याने प्रबंध तपासून परत आला. त्या तक्त्याशेजारी परीक्षक मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "पद्धत अचूक. मीही सरांचीच विद्यार्थिनी. नऊ कमी वाटतात."