तवंग

टाकीतले पाणी पिवळे झाले होते.

सिदू उंबऱ्यातच थांबला. हातातल्या पिशवीतला बर्फ ठिबकत राहिला. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला होता आणि तळाशी अ‍ॅक्सोलॉटल, पालीसारखा दिसणारा तो पाण्यातला जीव, निपचित पडला होता. मानेभोवती पिसांसारखे डुलणारे त्याचे गुलाबी कल्ले मिटून अंगाला चिकटले होते.

अंबाजोगाईत शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानदाराने तो जीव सिदूला नुसताच देऊन टाकला होता. टाकीतल्या जोडीदाराने त्याचा पुढचा पाय तोडला होता. लंगडा कोण घेणार? परळीच्या उन्हाळ्यात थंड पाण्यातला हा प्राणी जगवणे म्हणजे रोजची धास्ती होती. सिदू पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडी आणि तुटल्या जागेकडे पाहत बसे. आधी तिथे एक पांढुरका कोंब आला. मग त्या कोंबाला कोपर फुटले. काल टोकाशी बोटांच्या पुसट खुणा उमटल्या.

त्या आनंदात त्याने वडिलांना हाक मारली होती. चूक तिथेच झाली, असे आता त्याला वाटले.

आप्पारावांचा उजवा हात गेल्या उन्हाळ्यात स्वतःच्याच रसवंतीच्या चरकात गेला होता. मनगटापुढे काही उरले नव्हते. जखम भरली, पण तिच्यावरचा टॉवेल सुटला नाही. सकाळी आई तिथे हळदीचे तेल चोळी, तेवढ्यापुरताच तो सुटे, आणि तेव्हाही आप्पाराव भिंतीकडे पाहत. काल ते टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"हाडासकट येतो?" त्यांनी विचारले.

"व्हय, आप्पा. हाडासकट."

 रात्री ते जेवले नाहीत.

आणि आज कोनाड्यातली तेलाची वाटी रिकामी होती.

सिदूने माठातले पाणी पातेल्यात ओतले. तो थंडगार, बुळबुळीत जीव ओंजळीत उचलून त्यात सोडला.  राग आला असता तर सोपे झाले असते. पण त्याला भीती वाटत होती. रसावर घोंगावणाऱ्या मधमाश्यासुद्धा ज्या माणसाने कधी कुणाला मारू दिल्या नाहीत, त्याच्या मनात एवढे कडू साचले असेल, तर उरलेले आयुष्य त्याच्याशी बोलायचे कसे?

मागच्या दारात आप्पाराव उभे होते. उजवा हात पाठीमागे होता.

"मेलं का रे ते?"

"कावून केलं, आप्पा?" सिदूने वर न पाहता विचारले. "त्यानं काय बिघडवलं तुमचं?"

"म्या काई केलं न्हाई त्याला. हात बुडवला निस्ता. लई वेळ न्हाई."

"वाटीभर तेल ओतलं तुमी पाण्यात."

"ओतलं न्हाई रे. वाटीतलं समदं चोळलं होतं. धुवायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

पातेल्यात एक कल्ला हलला. मग दुसरा. चिमुकला कोवळा पाय पाण्यात एकदा ताणला गेला आणि पुन्हा आखडला. सिदूने सुटकेचा निःश्वास सोडला आणि मान वर केली.

"कुठला हात?"

 आप्पारावांनी पाठीमागचा हात हळूहळू पुढे आणला. त्यावर टॉवेल नव्हता. मनगटाचा गोल शेवट पिवळाधमक आणि ओला होता. खूप वेळ पाण्यात राहून त्याची कातडी मऊ पडून सुरकुतली होती. आज ते भिंतीकडे पाहत नव्हते. पातेल्यातल्या त्या कोवळ्या पायाकडे पाहत होते.

"त्याच्या पाण्यात काई गुण आसंल, म्हणलं."